मुलुंड, व्हाया पनवेल

"काका, खांदा दुखतो का हो तुमचा?" डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी अप्पाकाकांना विचारलं आणि आम्ही तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलो. आलो होतो चष्म्याच्या नंबरासाठी. पेपर वाचताना उजवा डोळा जड वाटतो, मिटू-मिटू होतो, एवढीच अप्पांची तक्रार. ठाण्याच्या नौपाड्यात एका दुकानावरच्या पहिल्या मजल्यावरचा तो दवाखाना. बाकड्यावर मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली दोन-चार म्हातारी माणसं काळे चष्मे लावून बसलेली, आणि कोपऱ्यात टीव्हीवर आवाज बंद करून लावलेली मराठी मालिका. अप्पांनी तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ घडाघडा वाचली होती. नजर उत्तम होती. आता काय, जुनाच नंबर कायम, फ्रेम बदलायची तर बदला, असं ऐकून खाली उतरायचं आणि जाताजाता कोपऱ्यावर वडापाव खायचा, असा माझा हिशेब. त्यात हा खांदा मधेच कुठून आला? काकूंना मात्र प्रश्न विचित्र वगैरे काही वाटला नाही. अप्पांना विचारलेल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर त्याच देतात. "दुखतो म्हणजे काय डॉक्टर, रात्र रात्र झोप नाही यांना. उठून बसतात, हात मांडीवर घेऊन. दिवाळीपासून चाललंय."

खांद्याची आमच्या घरात एक सर्वमान्य कथा होती. अप्पांनी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात उभी हयात लेथवर काढली. उजव्या हाताने हँडल फिरवायचं, डोळा जॉबवर, पायाखाली तेलकट फळी. तिथले लोक रिटायर झाले की कुणाचा गुडघा जातो, कुणाची कंबर, कुणाचे कान. अप्पांचा खांदा गेला, एवढंच. आधी निलगिरीचं तेल झालं, मग गरम पाण्याची पिशवी, मग हाडांचे डॉक्टर, मग फिजिओ. कुणी फ्रोजन शोल्डर म्हणालं, कुणी मानेचा स्पाँडिलायटिस. आता मागे वळून बघताना एक गोष्ट ठळक दिसते. फ्रोजन शोल्डरमध्ये हात वर जात नाही. अप्पांचा जायचा. माळ्यावरची बॅग ते स्वतः काढायचे, फळीवरचा डबा काढायचे. दुखायचं ते पाठीच्या फऱ्याच्या आतल्या अंगाला, आणि तिथून कळ निघायची ती दंडाच्या आतून थेट करंगळीपर्यंत. हल्ली शर्टाचं वरचं बटण लावायला त्यांना वेळ लागायचा, कुलपात किल्ली फिरवताना हात चाचपडायचा. त्यालाही आमच्याकडे शब्द तयार होता. वय.

घामाची गोष्ट तर सलूनवाल्याने सांगितली. अप्पा वर्षानुवर्षं एकाच माणसाकडे दाढी करतात. स्टेशनच्या बाजूला, दोन खुर्च्यांचं दुकान, आरशाच्या वर विठ्ठलाचा फोटो आणि त्याला लाल बारका बल्ब. मे महिन्यातलं ठाणं काय असतं ते ठाणेकराला सांगायला नको. खाडीवरून वारा येतो म्हणतात, तो बहुतेक कळव्यालाच उतरून घेतो. त्या दुकानात दोघेही निथळत असताना तो म्हणाला, "अप्पा, तुम्हाला एकाच बाजूला घाम येतो बघा." खरंच, कपाळाच्या मध्यावर रेघ मारल्यागत डावी बाजू ओली आणि उजवी कोरडी. टॉवेल फिरवला तर अर्धाच ओला. अप्पांनी तो किस्सा घरी येऊन रंगवून सांगितला, आम्ही हसलो, आणि काकूंनी लगेच निकाल दिला: खुर्चीच्या उजव्या हाताला पंखा आहे, त्या बाजूचा घाम वाळतो.

पंखा होताही त्याच बाजूला.

डॉक्टरीणबाईंनी कंपाउंडरला दार लावायला सांगितलं आणि खोलीतले दिवे घालवले. हातात पेनाएवढी बॅटरी, ती अप्पांच्या हनुवटीखालून वर मारलेली. "दोघी इकडे या, बघा." अंधार झाला की डोळ्यातली बाहुली मोठी होते, हे शाळेत शिकलो होतो, इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. अप्पांची डावी बाहुली अंधार पडताच झपकन पसरली. उजवी तशीच, बारीक. चार-पाच सेकंदांनी ती नाइलाजाने थोडी उघडली, तरी डावीच्या बरोबरीला आलीच नाही. मग दिवे लावले आणि फरक जवळजवळ दिसेनासा झाला. भर उजेडात दोन्ही बाहुल्या बारीकच असतात, त्यामुळे घरी खिडकीशी बसून पेपर वाचणाऱ्या माणसाच्या डोळ्यात हे कुणाला कधी दिसणार? वरची पापणी खाली आलेली होती, पण तीही दीड-दोन मिलिमीटर. खालची पापणी किंचित वर चढलेली. त्या दोघींमुळे डोळा लहान आणि जरा आत गेल्यासारखा दिसत होता. नंतर त्यांनी दोन्ही डोळ्यांत एक-एक थेंब घातला, काचबिंदूसाठी वापरतात तो, आणि आम्हाला बाहेर बसवलं. मालिकेचा तो भाग संपून दुसरी मालिका सुरू झाली. परत आत गेलो तर अप्पांची उजवी पापणी वर चढलेली! बाहुलीही मोठी झालेली, चक्क डावीपेक्षा मोठी. काकूंना एवढा आनंद झाला. "बघा, एका थेंबात बरा झाला की हो डोळा!" डॉक्टरीणबाई काही क्षण काही बोलल्या नाहीत. मग सावकाश म्हणाल्या, "काकू, चांगल्या डोळ्यावर ह्या थेंबाने असं होत नाही. ज्या स्नायूपर्यंत नसेचा निरोप बरेच दिवस पोचलेला नसतो, तो इतका हळवा होतो की एवढ्याशा औषधानेही जागा होतो. डोळ्याला काही झालेलं नाही. नस कुठेतरी दबली आहे. आज घरी जायच्या आधी छातीचा एक्स-रे काढून घ्या."

डोळ्यासाठी छातीचा फोटो. जिना उतरताना अप्पा म्हणाले, "कमिशन असेल." वडापाव मात्र कुणीच खाल्ला नाही.

त्या नसेचा रस्ता मी नंतर वाचून, चित्रं बघून समजून घेतला, आणि अजूनही मला त्याचं नवल वाटतं. मेंदू आणि डोळा किती जवळ! मधे वीतभर अंतर नाही. पण पापणीच्या त्या बारक्या स्नायूला आणि बाहुलीला 'उघड' म्हणून सांगणारी ही नस सरळ जातच नाही. ती मेंदूतून निघून मणक्यातल्या मज्जारज्जूतून मान ओलांडून छातीपर्यंत खाली उतरते, तिथे बाहेर पडते, फुप्फुसाच्या शेंड्यावरून वळसा घेते, मग मानेतल्या मोठ्या रोहिणीच्या सोबतीने पुन्हा वर चढते आणि तेव्हा कुठे डोळ्यात शिरते. म्हणजे ठाण्याहून शेजारच्याच मुलुंडला जायचं, तर व्हाया पनवेल. पनवेलला रुळावर काही आडवं आलं की खोळंबा दिसणार मुलुंडला, आणि मुलुंडच्या स्टेशनमास्तरला कितीही विचारा, त्याच्याकडे सगळं ठाकठीक असतं. फुप्फुसाचा शेंडा गळपट्टीच्या हाडाच्याही जरा वर येतो. तिथे गाठ धरली तर श्वासनळ्या लांब राहतात, त्यामुळे खोकला नाही, दम नाही, थुंकीतून रक्त नाही. कॅन्सर म्हटल्यावर आपण जे-जे मनात धरून असतो त्यातलं काहीही नाही. शेजारी असतात हाताकडे जाणाऱ्या नसा, म्हणून खांदा आणि करंगळी. आणि असते ही वळसेवाली नस, म्हणून डोळा. चेहऱ्याच्या घामाचं खातंही तिच्याकडेच.

या पडलेल्या पापणीला, बारीक बाहुलीला आणि कोरड्या अर्ध्या चेहऱ्याला मिळून हॉर्नर सिंड्रोम म्हणतात. योहान फ्रिडरिश हॉर्नर हे झुरिचचे डोळ्यांचे डॉक्टर. १८६९ साली त्यांनी चाळीस वर्षांच्या एका शेतकरी बाईची हकिगत लिहिली. तिची उजवी पापणी बाळंतपणानंतर हळूहळू खाली आली होती. त्यांच्या आधी फ्रान्समध्ये क्लोद बेर्नार यांनी प्राण्यांच्या मानेतली नस कापून हेच दाखवलं होतं, आणि अमेरिकेच्या यादवी युद्धात मानेत गोळी लागलेल्या एका सैनिकाबद्दल १८६४ साली लिहिलं गेलं होतं. फुप्फुसाच्या शेंड्याचा धागा जोडला तो फिलाडेल्फियाच्या हेन्री पँकोस्ट यांनी, १९२४ आणि १९३२ साली. ते डोळ्यांचे नव्हेत की छातीचे नव्हेत, एक्स-रेचे डॉक्टर. खांदा दुखणारी, हाताचे स्नायू झिजलेली, एका बाजूची पापणी उतरलेली माणसं, आणि त्यांच्या फिल्मवर अगदी वरच्या कोपऱ्यात एक सावली. गंमत म्हणजे ही गाठ मुळात फुप्फुसाची आहे हे पँकोस्टना स्वतःला पटलेलं नव्हतं. तरी नाव त्यांचंच राहिलं. फुप्फुसाच्या शंभर कॅन्सरमध्ये असले पाचाच्या आतच. अप्पांना हे सांगितलं तर म्हणाले, "लॉटरीचं तिकीट आयुष्यात घेतलं नाही, आणि नंबर हा लागला."

एक्स-रेत डाग निघाला, उजवीकडे, अगदी वर. आणि तिथे आणखी एक फाटा फुटला. फुप्फुसाचा शेंडा ही टीबीची आवडती जागा. आपल्याकडे तिथे डाग दिसला की पहिला संशय टीबीचाच येतो, आणि तो येणं चुकीचंही नाही. ज्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवला त्यांनी एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्या, सुरू करू म्हणून सांगितलं. घरात अक्षरशः सुटकेचा निःश्वास! टीबी म्हटल्यावर एरवी ज्या काकूंनी ताट-वाटी वेगळी केली असती, त्या देवापुढे साखर ठेवून आल्या. गोळ्या आणायला मी निघालेच होते, तेवढ्यात डोळ्यांच्या दवाखान्यातून फोन आला, रिपोर्टचं काय झालं म्हणून. डॉक्टरीणबाई स्वतः बोलत होत्या. "थुंकीत जंतू सापडलेत का? नाही ना? मग आधी सीटी स्कॅन. ह्या पापणीसकट टीबी मी सहज मान्य करणार नाही." चष्म्याच्या नंबरासाठी आलेल्या पेशंटचा पाठपुरावा करायची त्यांना काही गरज नव्हती. सीटी झाला, मग सुई घालून तुकडा काढला, मग कळलं. बिडी सोडून अप्पांना कितीतरी वर्षं झाली होती, त्याचा त्यांना केवढा अभिमान. सोडल्याने धोका उतरतो. कधीच न ओढणाऱ्याइतका मात्र होत नाही, हे त्या आठवड्यात कळलं.

हे सगळं सुरू कधी झालं, हा प्रश्न प्रत्येक डॉक्टर विचारायचे. डॉक्टरीणबाईंनी जुने फोटो बघायला सांगितले होते. काकूंनी कपाटातून अल्बम काढले, मी लायसन, पासबुक, रेशनकार्ड गोळा केलं. आधार कार्ड बाद केलं, कारण त्यावर आमच्या घरातलं प्रत्येकजणच आजारी दिसतं. जुन्या फोटोंत दोन्ही डोळे सारखे. मग सापडली माझ्या भाच्याच्या मुंजीची चित्रफीत, डिसेंबरातली. मातृभोजन चालू आहे, सनई वाजते आहे, अप्पा जरीची टोपी घालून उभे आहेत, आणि कॅमेऱ्यामागून फोटोग्राफरचा आवाज येतो, "काका, डोळा उघडा की! उजवा, उजवा!" मांडवात हशा. अप्पाही हसतात आणि दोन्ही भुवया ताणून डोळे मोठे करतात. त्या हसणाऱ्यांत मी आहे, काकू आहेत, आमच्यातला एक होमिओपॅथही आहे. मी ती चित्रफीत पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघितली. पापणी फोटोग्राफरला दिसली, घाम सलूनवाल्याला दिसला, बटण काकूंना दिसलं आणि खांदा हाडांच्या डॉक्टरांना. प्रत्येकाने खरं तेच पाहिलं होतं. आणि खांदा दुखतोय म्हणून डोळा दाखवायला, किंवा डोळा जड होतोय म्हणून घामाबद्दल बोलायला, कोण जातं? पूर्वी गल्लीत एकच डॉक्टर असायचा, तापापासून तुंबड्यांपर्यंत सगळं त्याच्याकडे. तो फार हुशार असायचा असं नाही. पण सगळ्या तक्रारी एकाच कानावर पडायच्या, हे खरं.

खारघरला अॅक्ट्रेकमध्ये, टाटाच्या कॅन्सर इस्पितळात, जायला लागलो तो पावसाळा होता. ठाण्याच्या दहा नंबरवरून पनवेल गाडी पकडायची, ऐरोली-रबाळे-घणसोली करत जायचं, नेरुळनंतर गर्दी उतरली की अप्पांना जरा पाय पसरता यायचे. डोंगर इतका हिरवा, की दवाखान्यात जातोय याची लाज वाटावी. ओळीत बसलेल्या प्रत्येकाच्या मांडीवर फाइल, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली, पिशवीवर साडीच्या दुकानाचं नाव. बिहार, बंगाल, सोलापूर, कोकण. तिथे ओळखी पटकन होतात आणि लोक एकमेकांना आजार नाही, सुरुवात सांगतात. कुणाला कुठे काय पहिल्यांदा दिसलं. साताऱ्याकडच्या एक बाई म्हणाल्या, मला एका डोळ्यापुढे धूसर ठिपका दिसायचा, मी चष्मा दोनदा बदलला. तो फुप्फुसातून डोळ्याच्या मागच्या पडद्यापर्यंत गेलेला कॅन्सर निघाला. एकांचा चेहरा आणि पापण्या रोज सकाळी सुजायच्या, दुपारी उतरायच्या. मूत्रपिंडाच्या तपासण्यांत वेळ गेला, निघाली छातीतली मोठी शीर दाबणारी गाठ. अप्पा आपला घामाचा किस्सा सांगायचे. तो तिथे सगळ्यात लोकप्रिय होता.

माझं म्हणाल तर मला एक खोडच लागली. कुणी समोर आलं की आधी पापण्या. बँकेतला कॅशियर, सोसायटीचा वॉचमन, टीव्हीवर चर्चेला बसलेले पुढारी. एकदा गाडीत समोर बसलेल्या गृहस्थांची डावी पापणी उतरलेली, बाहुली बारीक, आणि ते सारखा खांदा चोळत होते. कोपरखैरणे गेलं, तुर्भे गेलं. शेवटी मी विचारलंच, "काका, खांदा दुखतो का?" ते दचकले. मग हसून म्हणाले, "दोन गोण्या कांदे चढवलेत मार्केटातून, दुखणार नाही तर काय? आणि डोळा बघत असाल, तर तो जन्मापासूनचा आहे ताई. बाळंतपणात ओढाओढ झाली होती म्हणे. आमची ही लग्न ठरवताना यावरूनच नाही म्हणत होती." शेजारच्यांनाही हसू आलं. मी नेरुळपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. पण पुन्हा असं कुणी दिसलं तर विचारणार नाही, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. बहुतेक उतरलेल्या पापण्या वयाच्याच असतात, स्नायू सैल पडतो इतकंच. दोन्ही बाहुल्या सारख्या असतात. उलट मान एकदम दुखून पापणी अचानक पडली, तर ते मानेतली रोहिणी आतून फाटल्याचंही असू शकतं, आणि तेव्हा विचारपूस नाही, थेट इस्पितळ गाठायचं. हे सगळं गाडीत अनोळखी माणसाला कोणत्या स्टेशनापासून सांगायला घ्यावं, ते मात्र मला अजून उमगलेलं नाही.

अप्पांना किमो आणि रेडिएशन बरोबरच दिलं. गाठ आक्रसली, मग ऑपरेशन झालं, वरच्या दोन बरगड्यांचा भाग काढावा लागला. रात्रीची कळ गेली. चव गेली ती निम्मीच परत आली, आणि पापणी आहे तिथेच आहे. ती नस आता परत जुळायची नाही. घामही अर्धाच. सलूनवाला त्यांना अर्धे पैसे घेऊ का म्हणून विचारतो. दर तीन महिन्यांनी स्कॅन असतो आणि त्याच्या आदल्या आठवड्यात काकू कुणाशी धड बोलत नाहीत.

परवा पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायचा होता. हल्ली तो मोबाइलवर चेहरा दाखवून निघतो. लेथने बोटांच्या रेषा पुसल्यामुळे अंगठ्याचा ठसा अप्पांचा कधीच जुळला नव्हता, म्हणून हे नवं बरं. मी फोन धरून समोर उभी राहिले, गोलात चेहरा बसवला. डोळ्यांची उघडझाप करा, अशी सूचना आली. अप्पांनी केली. नाही घेतला. काकू लगेच मागून म्हणाल्या, "त्याला डोळा कळत नसेल यांचा." पण उघडझाप करणारा स्नायू वेगळा, त्याची नसही वेगळी, ती शाबूत आहे, मागे खिडकीचा उजेड होता एवढंच. अप्पांना गॅलरीकडे तोंड करून बसवलं. त्यांनी पुन्हा डोळे मिटले, उघडले, डावा पूर्ण, उजवा जेवढा उघडतो तेवढा. हिरवी खूण आली.

"झालं?" अप्पा म्हणाले. "आता वर्षभर कुणी विचारणार नाही ना? मग चहा टाका."